जठरातील जंतूची वंशावळ

हावड्याहून मुंबईकडे येणारा लोहमार्ग छत्तीसगडच्या भातशेतीच्या मैदानातून जातो. ह्या मार्गावरील रायपूर शहराच्या बाजारात थोडा वेळ उभे राहिले, तर अनेक भाषा कानी पडतात. छत्तीसगडी आणि हिंदी तर आहेतच. पूर्वेकडून आलेल्यांची ओडिया आहे, दक्षिणेच्या बस्तरातून आलेल्यांची हलबी व गोंडी आहे, आणि काही जुन्या घरांत मराठीही आहे. नागपूरकर भोसल्यांच्या सेनेने १७४१ साली भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली रतनपूर घेतले. तेव्हापासून १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत ह्या प्रदेशाचा मराठी मुलखाशी निकटचा संबंध राहिला, आणि त्या निमित्ताने कित्येक मराठी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली.

माणसे एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातात, तेव्हा आपली भाषा, आपले देव आणि आपल्या खाण्यापिण्याच्या रीती बरोबर नेतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या नकळत आणखी एक सोबती त्यांच्याबरोबर प्रवास करीत असतो. तो त्यांच्या जठरात राहतो आणि साध्या डोळ्यांना दिसत नाही. त्याचे शास्त्रीय नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी असे आहे. जगातील जवळजवळ निम्म्या माणसांच्या जठरात हा जंतू आढळतो. भारतात तर त्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे.

ह्या जंतूचे निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळे वाण आहेत. हे वाण शास्त्रज्ञ कसे ओळखतात, त्यांच्यात भेद का पडले, आणि ते भेद जाणून घेतल्याने रुग्णाचा कोणता लाभ होतो, ह्याचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत करावयाचा आहे.

आम्लात राहणारा जंतू

जठरात अन्नपचनासाठी तीव्र आम्ल स्रवत असते. अशा ठिकाणी कोणताही जंतू फार काळ जगू शकणार नाही, असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानीत होते. जठरव्रण, म्हणजे ज्यास आपण अल्सर म्हणतो तो विकार, चिंता, तिखट खाणे व आम्लाची वाढ ह्यांमुळे होतो, अशीच समजूत होती.

१९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन ह्या विकृतिशास्त्रज्ञांना रुग्णांच्या जठराच्या अस्तरात मळसूत्रासारखे वळलेले सूक्ष्म जंतू दिसू लागले. त्यांचे तरुण सहकारी बॅरी मार्शल ह्यांनी ते जंतू प्रयोगशाळेत वाढविण्याचा प्रयत्न आरंभिला. दोन दिवसांत काही न उगवल्यास काचेच्या बश्या फेकून देण्याची तेथील पद्धत होती, आणि त्यामुळे बरेच प्रयत्न वाया गेले. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे काही बश्या अधिक दिवस तशाच राहिल्या; आणि सुट्टीनंतर पाहतात तो त्यांत जंतूंच्या वसाहती उगवलेल्या! हा जंतू सावकाश वाढणारा होता, एवढेच.

जंतू आढळला म्हणजे तोच रोगाचे कारण आहे, असे सिद्ध होत नाही. म्हणून १९८४ साली मार्शल ह्यांनी जंतूंचे मिश्रण स्वतःच प्राशन केले. थोड्याच दिवसांत त्यांच्या जठरास दाह झाला आणि तपासणीत तेच जंतू सापडले. ह्या शोधाबद्दल उभयतांस २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वीच, १९९४ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ह्या जंतूची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींत केली होती.

हा जंतू आम्लात टिकतो तो एका विकराच्या बळावर. युरिएज नावाच्या ह्या विकराने तो शरीरातील युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतो, आणि आपल्याभोवतीचे आम्ल निष्प्रभ करतो. मग शेपटीसारख्या तंतूंच्या साह्याने जठराच्या चिकट आवरणात शिरून तो अस्तराजवळ वस्ती करतो. एकदा शिरला की, औषध न घेतल्यास, तो बहुधा जन्मभर तेथेच राहतो. मात्र ज्यांच्या जठरात तो असतो त्या सर्वांनाच व्याधी होते असे नाही. साधारणपणे शंभरांतील दहा ते वीस जणांस व्रण होतो, आणि एखाद-दुसऱ्यास कर्करोग. मग काहींनाच व्याधी का व्हावी? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना जंतूच्या अंतरंगात डोकवावे लागले.

सोळा लाख अक्षरांचा लेख

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो. त्यावर चार रासायनिक घटक एकापुढे एक गुंफलेले असतात. त्यांना आपण ए, टी, जी आणि सी ही चार अक्षरे समजू. ह्या अक्षरांच्या विशिष्ट क्रमाने बनलेला अर्थपूर्ण भाग म्हणजे जनुक, आणि सर्व जनुकांसह संपूर्ण लेख म्हणजे त्या सजीवाचा जनुकसंच, अर्थात जीनोम. वर्णमालेतील थोड्या अक्षरांनी जसा मोठा ग्रंथ लिहिता येतो, तद्वत् ह्या चार अक्षरांनी सजीवाचा सारा आराखडा लिहिलेला असतो.

हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संपूर्ण लेख प्रथम १९९७ साली वाचला गेला. तो वाण इंग्लंडमधील जठरदाहाच्या एका रुग्णाकडून मिळविलेला होता. त्याची लांबी १६,६७,८६७ अक्षरे भरली. एका पृष्ठावर दोन हजार अक्षरे मावतात असे धरले, तर हा आठशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ होईल. मानवाच्या सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या मानाने तो लहानच होय. तथापि त्यात सुमारे दीड हजार जनुके आहेत.

दोनच वर्षांनी, १९९९ साली, अमेरिकेतील एका रुग्णाच्या जंतूचा लेख प्रसिद्ध झाला. तो १६,४३,८३१ अक्षरांचा, म्हणजे चोवीस हजार अक्षरांनी आखूड होता. दोन्ही लेख शेजारी ठेवून पाहता असे दिसले की, प्रत्येकातील शंभरांपैकी सहा-सात जनुके दुसऱ्यात मुळीच नाहीत. एकाच जातीच्या जंतूंत एवढा फरक!

लेख वाचण्याची रीत

असा लेख वाचावयाचा म्हणजे प्रत्यक्षात काय करावयाचे, हे पाहू. प्रथम डॉक्टर एंडोस्कोपी करतात, म्हणजे लोक ज्यास दुर्बिणीची तपासणी म्हणतात ती. त्या वेळी रुग्णाच्या संमतीने जठराच्या अस्तराचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा काढला जातो. हा तुकडा रक्तमिश्रित पोषकद्रव्यावर ठेवतात. हा जंतू हवेतील नेहमीच्या प्रमाणातील प्राणवायू सहन करीत नाही. म्हणून कमी प्राणवायू असलेल्या बंद पेटीत, ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत, तीन ते सात दिवस तो वाढवावा लागतो. पाण्याच्या थेंबासारख्या पारदर्शक वसाहती दिसू लागल्या की त्यांतील डीएनए वेगळा करतात.

ह्यानंतरचे काम समजण्यास एक दृष्टांत घेऊ. एखाद्या पोथीच्या शंभर प्रती आहेत, आणि त्या सर्व फाडून त्यांच्या लहान लहान चिठ्ठ्या केल्या आहेत. प्रत्येक प्रत निराळ्या ठिकाणी फाटलेली असल्यामुळे एका चिठ्ठीचा शेवट दुसऱ्या चिठ्ठीच्या मध्यभागी सापडतो. अशा जुळणाऱ्या ओळी शोधत गेलो, तर मूळ पोथी पुन्हा लावता येईल. क्रमवाचनाचे यंत्र डीएनएच्या लक्षावधी तुकड्यांवरील अक्षरे वाचते, आणि ते तुकडे एकमेकांस जोडण्याचे काम संगणक करतो. पोथीत एकच ओळ अनेकदा आली असेल, तर चिठ्ठी नेमकी कोठली हे कळत नाही. तीच अडचण येथेही येते. म्हणून अलीकडे हजारो अक्षरांचा सलग तुकडा वाचणारी यंत्रे वापरतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने ह्याच रीतीने ५० देशांतील १,०११ वाणांचे संपूर्ण लेख वाचण्यात आले, आणि त्यांचे विश्लेषण २०२३ साली प्रसिद्ध झाले. एका वाणापासून हजारांपर्यंतचा हा प्रवास सव्वीस वर्षांत झाला.

घराण्यातून येणारा जंतू

निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळे वाण का असावेत? ह्याचे कारण जंतूच्या प्रसाराच्या रीतीत आहे. पटकीचा जंतू पाण्यातून एका हंगामात सबंध गावभर पसरतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी मात्र बहुधा बालपणी, घरातल्या घरात, आईकडून किंवा भावंडांकडून मुलास मिळतो. अशा रीतीने तो आजीकडून आईकडे, आईकडून मुलाकडे, पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहतो.

जुन्या काळी एका पोथीवरून दुसरी नकलून घेत असत. लेखनिकाकडून एखादे अक्षर चुके, आणि पुढील सर्व नकलांत ती चूक उतरे. कोणत्या पोथ्यांत कोणत्या चुका समान आहेत हे पाहून त्या कोणत्या मूळ प्रतीवरून आल्या, हे विद्वान ठरवितात. जंतूच्या लेखातील चुकांवरूनही त्याची वंशावळ अशीच लावता येते. हा जंतू नकल करताना चुका पुष्कळ करतो. शिवाय एकाच जठरात दोन वाण एकत्र आले, तर ते आपल्या लेखांतील तुकडे एकमेकांत मिसळतात. म्हणून ही वंशावळ लावताना, कोणत्या तुकड्याचे मूळ कोठले, हेही वेगळे करून पाहावे लागते.

मार्क आख्टमन व त्यांचे सहकारी ह्यांनी २००३ साली जगातील २७ मानवसमूहांतील ३७० वाण तपासले. युरोपीय, पूर्व आशियाई आणि आफ्रिकी असे जंतूचे मोठे गट त्यांतून स्पष्ट झाले. २००७ सालच्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, पूर्व आफ्रिकेपासून जसजसे दूर जावे तसतशी जंतूंतील विविधता घटत जाते. मानवाच्या जनुकांतही नेमके असेच आढळते. त्यावरून, सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी मानव आफ्रिकेतून बाहेर पसरू लागला तेव्हाच हा जंतू त्याच्या जठरात होता, असा निष्कर्ष निघाला.

लडाखमधील २००४ सालचा अभ्यास तर भारतीय वाचकांस विशेष उद्बोधक वाटेल. तेथील बौद्ध व मुसलमान ह्या दोन समाजांतील माणसांच्या जनुकांत सहजी उमगण्याजोगा भेद नव्हता. परंतु त्यांच्या जठरांतील जंतूंत तो स्पष्ट दिसला. बौद्धांच्या जंतूंत तिबेटी भाषिकांच्या आगमनाच्या खुणा होत्या, तर मुसलमानांच्या जंतूंत जुन्या लडाखी अंशाचे प्रमाण अधिक होते.

ह्यावरून जंतू पाहून माणसाची जात सांगता येते, असे मात्र कोणी समजू नये. मलेशियात मलय लोकांच्या जठरांत जे वाण सापडतात, त्यांतील पुष्कळसे तेथील भारतीयांच्या वाणांशी मिळतेजुळते आहेत. म्हणजे शेजाराने राहणाऱ्यांत त्यांची देवघेव झालेली आहे. जंतू समाजासमाजांतील सीमा पाळीत नाही.

भारतातील वाण

कोलकाता येथील राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्थेत आशिष मुखोपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील रुग्णांच्या जंतूंचा अभ्यास करून २००० साली तो प्रसिद्ध केला. भारत आशियात असल्यामुळे येथील वाण चीन-जपानातील वाणांसारखे असतील, अशी साहजिक अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते युरोपीय वाणांस अधिक जवळचे निघाले, आणि तरीही काही बाबतींत त्यांचा स्वतःचा असा वेगळेपणा होता.

हैदराबाद येथील डीएनए अंगुलिमुद्रण व निदान केंद्रातील नियाज अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली असाच निष्कर्ष मांडला. जंतूच्या सात जनुकांचे वाचन करून त्यांनी दाखविले की, त्यांनी तपासलेल्या सर्व भारतीय वाणांचे नाते युरोपीय गटाशी आहे. पश्चिमेकडून शेती व भाषा घेऊन आलेल्या लोकांबरोबर हे वाण भारतात आले असावेत, असा तर्क त्यांनी केला.

तथापि २०१६ साली एका अनपेक्षित ठिकाणाहून नवा पुरावा आला. इटली व ऑस्ट्रिया ह्यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात गोठलेला एक मानवी देह सापडला होता. हा मनुष्य सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या जठरातील अवशेषांतून शास्त्रज्ञांनी जंतूचा लेख वाचला, आणि तो आजच्या युरोपीय वाणांपेक्षा मध्य व दक्षिण आशियातील वाणांस अधिक जवळचा निघाला. आज युरोपात आढळणारा वाण हा आशियाई व आफ्रिकी अशा दोन मूळ वाणांच्या मिश्रणातून झाला आहे. हिममानवाच्या जंतूत तो आफ्रिकी अंश जवळजवळ नव्हताच. ह्याचा अर्थ असा की, भारतीय व युरोपीय वाणांतील साम्य हे एकाने दुसऱ्याकडून घेतल्यामुळेच असेल असे नाही. दोघांनाही एका जुन्या आशियाई पूर्वजाचा वारसा मिळालेला आहे. एका गोठलेल्या देहाने एवढा फेरविचार करावयास लावला. आणखी एका ठिकाणचा लेख वाचला की पूर्वीच्या सर्व लेखांचा अर्थ बदलू शकतो, हा ह्या शास्त्राचा नित्याचा अनुभव आहे.

वाण आणि व्याधी

हे सारे इतिहासाच्या दृष्टीने मनोरंजक खरे. पण रुग्णास त्याचे काय? ह्यासाठी जंतूच्या लेखातील एका भागाकडे वळले पाहिजे. सुमारे चाळीस हजार अक्षरांचा व तीसएक जनुकांचा हा भाग काही वाणांत असतो, काहींत नसतो. त्याची अक्षररचना उरलेल्या लेखाहून भिन्न असल्यामुळे तो पूर्वी केव्हातरी दुसऱ्या एखाद्या जंतूकडून आला असावा, असे मानतात. ह्या भागातील जनुके सुईसारखे एक सूक्ष्म साधन बनवितात, आणि त्यातून कॅग-ए नावाचे प्रथिन जठराच्या पेशीत टोचले जाते. हा भाग असलेल्या वाणांमुळे व्रण व कर्करोग होण्याचा संभव अधिक असतो.

कॅग-ए प्रथिनाचेही प्रादेशिक प्रकार आहेत. जपान, कोरिया व चीन येथील प्रकार पेशीतील एका महत्त्वाच्या विकराशी अधिक घट्ट बांधला जातो, आणि पेशीच्या वाढीचे नियंत्रण अधिक बिघडवितो. त्या देशांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाणही मोठे आहे. भारतीय वाणांत बहुधा पाश्चात्त्य प्रकार आढळतो. भारतात जंतूचा प्रसार अफाट असूनही जठराच्या कर्करोगाचे प्रमाण एकंदरीत कमी आहे. ह्या कोड्याच्या उत्तराचा काही भाग येथे असू शकेल.

परंतु सर्व उत्तर येथे नाही. मिझोरम राज्यात ह्या कर्करोगाचे प्रमाण देशातील इतर भागांपेक्षा फार अधिक आहे. तेथे धुरावलेले मांस व तंबाखूच्या धुराचे पाणी घेण्याची चाल हीही कारणे विचारात घेतली जातात. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाचे उदाहरण असेच विचार करावयास लावणारे आहे. तेथील एकाच प्रांतातील समुद्रकिनाऱ्यावरील व डोंगरावरील लोकांत जंतूचा प्रसार सारखाच आहे. पण डोंगरावर कर्करोगाचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, मूळच्या अमेरिकी वंशाच्या माणसात आफ्रिकी मूळ असलेला जंतू वस्तीस आला, तर जठरास अधिक इजा होते. माणूस व त्याचा जंतू हजारो वर्षे एकत्र राहिले असता परस्परांशी जुळवून घेतात. ही जोडी बदलली की हानी वाढते, असा त्याचा आशय आहे.

औषध निवडण्याचा प्रश्न

ज्या रुग्णांस उपचाराची आवश्यकता असते, त्यांस आम्ल कमी करणारे औषध व त्याबरोबर दोन किंवा अधिक प्रतिजैविके दिली जातात. ही प्रतिजैविके न जुमानणारे वाण मात्र वाढत आहेत. भारतातील पाच ठिकाणी मिळून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरांतील सुमारे अठ्ठ्याहत्तर वाणांवर मेट्रोनिडॅझोलचा परिणाम होत नव्हता, व सुमारे पंचेचाळीस वाणांवर क्लॅरिथ्रोमायसिनचा होत नव्हता. त्यातही सर्वत्र सारखी स्थिती नव्हती: लखनौ, चेन्नई व हैदराबाद येथे मेट्रोनिडॅझोलला न जुमानण्याचे प्रमाण अधिक होते, तर दिल्ली व चंदीगड येथे त्या मानाने कमी. एका शहरात गुणकारी ठरणारी औषधांची जोडी दुसऱ्या शहरात निष्फळ ठरू शकते, हे ह्यावरून उघड होते.

क्लॅरिथ्रोमायसिनच्या बाबतीत हा सारा फरक बहुधा एका अक्षराचा असतो. जंतूच्या प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेच्या एका जनुकात विशिष्ट ठिकाणी ए च्या जागी जी आला, की औषधाला तेथे चिकटता येत नाही. सोळा लाख अक्षरांत बदललेले ते एक अक्षर क्रमवाचनाने सापडते, आणि निष्फळ औषध देण्याचे टळते.

आता पुन्हा रायपूरकडे वळू. तेथील रुग्णालयात एकाच सकाळी बस्तरचा शेतकरी, संबळपूरकडून आलेला कामगार आणि जुन्या मराठी घरातील गृहिणी अशी माणसे पोटदुखीची तक्रार घेऊन येऊ शकतात. तिघांच्याही जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी असेल. पण तिघांचे जंतू निरनिराळ्या मार्गांनी तेथे आलेले असतील. इंग्लंडमधील एका रुग्णाच्या किंवा कोलकात्यातील शंभर रुग्णांच्या जंतूंवरून ह्या तिघांविषयी निश्चित सांगणे योग्य नव्हे. ज्या प्रदेशात रुग्ण राहतो, त्या प्रदेशातील वाण वाचले पाहिजेत. मोठ्या नगरांतील विद्यापीठांइतकाच जिल्ह्याच्या रुग्णालयांचाही ह्या कार्यात वाटा आहे. कारण जंतू मिळतो तो तेथेच.

वाचकांनी स्वतः काय करावे? शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावे, पिण्याचे पाणी स्वच्छ ठेवावे, पोटदुखी दीर्घकाळ राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि प्रतिजैविके डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेऊ नयेत. सुरू केल्यास ठरलेला क्रम पुरा करावा. अर्धवट घेतलेल्या औषधातून वाचलेले जंतू घरातील मुलांकडे जाऊ शकतात. जो जंतू पिढ्यान्‌पिढ्या घरातून घरात उतरत आला, त्याच्या लेखात पुढील पिढीसाठी कोणते अक्षर लिहिले जावे, हे काही अंशी आपल्या हाती आहे.